हेड उघडलंच नव्हतं, बिल मात्र हेडचं

मोटरहोम असो, व्हॅनिटी व्हॅन असो की मंडपाला लागणारा डिझेल सेट, ज्यांच्याकडे पाण्यावर थंड होणारा जनरेटर आहे त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या जनरेटरचं हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारा धातूचा वरचा भाग, न उघडताच हेडच्या कामाचे साडेअठरा हजार रुपये आमच्याकडून घेतले. त्याहून वाईट म्हणजे, सेट फार तापला की तो आपोआप बंद करणाऱ्या स्विचची वायर काढून टेपमध्ये गुंडाळून ठेवली. पैसे गेल्याचा राग आहेच. पण त्या वायरीचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो, कारण त्या गाडीत माझे वडील झोपलेले होते.

आप्पांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. त्यांना घेऊन कुठे जायचं तर वीज सोबत हवी, म्हणून दादानं ट्रॅव्हलर घेऊन आत झोपायची सोय, छोटा ओटा, एसी असं सगळं करून घेतलं आणि मागच्या कप्प्यात ५ केव्हीएचा दोन सिलिंडरचा डिझेल सेट बसवला. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, एक टनाचा एसी सव्वा किलोवॅटच्या आसपास, शिवाय छोटा फ्रिज. सगळं एकदम लावलं तरी सेटच्या ताकदीच्या निम्म्याच्या आतच. म्हणजे ओव्हरलोडचा प्रश्न नव्हता.

त्याआधी गाडी खानापूर-जांबोटीकडे बरीच फिरली होती. तिकडची तांबडी धूळ ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. कोल्हापूरला आप्पांना डॉक्टरांना दाखवून, अंबाबाईचं दर्शन घेऊन परत येताना निपाणीच्या पुढे सेट बंद पडला. लाल दिवा लागला, टेम्परेचरचा. थंड होऊ दिला, पुन्हा चालू केला, थोड्या वेळात पुन्हा तेच. आप्पांना ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर ठेवलं आणि हायवेलगत एका हॉटेलवाल्यानं दाखवलेल्या गॅरेजमध्ये गाडी लावली.

मिस्त्री बोलायला गोड. ‘दादा, तुम्ही अजिबात काळजी करू नका, आजोबांना घेऊन निवांत चहा घ्या, मी बघतो की.’ अर्ध्या तासानं त्याचा पोरगा बोलवायला आला. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची चपटी सील, गेलंय, हेड वाकलंय, फेसिंग करून (घासून सपाट करून) आणावं लागेल, असं सांगितलं. हातात एक काळं पडलेलं, कडेनं जळालेलं गॅस्केट होतं. ‘हे बघा ताई, तुमचं.’ वहिनीला पाठवायला मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तो फोटो पुढे फार उपयोगी पडला.

संध्याकाळी सेट चालू करून दाखवला. एसी लावला, कॉन्सन्ट्रेटर लावला, दिवा काही लागला नाही. पैसे रोख मागितले. पावती म्हणून वहीचं पान फाडून त्यावर गॅस्केट, फेसिंग, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), मजुरी असं लिहून दिलं, खाली ना शिक्का ना सही.

वंटमुरीचा घाट ओलांडून काकतीजवळ आलो तेव्हा गाडीत गरम रंगाचा आणि कसला तरी गोडसर वास भरला. दादानं गाडी बाजूला घेऊन मागचं दार उघडलं. ओव्हरफ्लोच्या बाटलीतून कूलंट उकळून बाहेर येत होतं, सेट मात्र तसाच धडधडत होता. दिवा नाही, काही नाही. त्यानं हातानं बंद केला. मधल्या एकाच फळीपलीकडे आप्पांचा पलंग आणि ऑक्सिजनचा सिलिंडर होता.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. दादाच्या ओळखीचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. बॅटरी घेऊन हेडच्या बोल्टांवर उजेड पाडला आणि दादाला जवळ बोलावलं. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली हेडवर उतरणारी पिवळ्या रंगाची एक रेघ होती. कंपनीत बोल्ट ठरलेल्या ताकदीनं आवळला की ही खूण करतात. बोल्ट फिरला तर रेघ तुटते, दोन्ही भाग परत अचूक एका ओळीत येणं अवघड. आमच्या एकाही बोल्टची रेघ तुटलेली नव्हती. पान्याचा ओरखडा नाही, बोल्टांच्या बुडाशी धूळ तशीच बसलेली. ‘हे हेड कुणी उघडलेलं नाही,’ मामा म्हणाले.

मग मी फोटो दाखवला. मामांनी तो मोठा करून भोकं मोजली. गॅस्केटला सिलिंडरची तीन मोठी भोकं होती. आमचं इंजिन दोन सिलिंडरचं! दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचं गॅस्केट, कदाचित आमच्यासारख्यांना दाखवायलाच ठेवलेलं.

खरा आजार निघाला तो असा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला तांबड्या धुळीचा आणि तेलकट मळीचा थर बसून जाळीतून हवाच जात नव्हती. आणि आवाज कमी व्हावा म्हणून कप्प्याला आतून चिकटवलेला फोम उष्णतेनं सुटून हवा आत येणाऱ्या झरोक्यावर लोंबत होता. गरम हवा बाहेर पडायला वाट कमी, थंड हवा आत यायला त्याहून कमी. मामांनी हवा ज्या दिशेनं जाते त्याच्या उलट बाजूनं, कमी जोराच्या पाण्यानं रेडिएटर धुतला. जोराचा फवारा मारला तर पातळ पात्या वाकतात आणि आहे ती वाटही बंद होते. फोम कापून पट्टीनं नीट बसवला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह, काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का ते दाखवलं, फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून ताण बघितला, कूलंट भरला. सगळं आमच्यासमोर. घेतलेले पैसे पहिल्या बिलापुढे किरकोळ.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर इंजिन तसं सांगतं. रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात, कुठे गळती नसताना कूलंट कमी होत राहतो, डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसतं, नाहीतर सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. यातलं एकही लक्षण दिसत नसताना कुणी थेट ‘हेड उघडावं लागेल’ म्हणत असेल तर तिथेच थांबा. आधी रेडिएटर, झरोके, पट्टा, कूलंट बघायला सांगा. रेडिएटरचं झाकण मात्र सेट पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम उसळून तोंडावर येतं. आणि काम हेडचंच निघालं तर बोल्टांचे फोटो आधी आणि नंतर काढा, जुना भाग आपल्याच इंजिनाचा आहे का ते तिथेच जुळवून बघा आणि तो घरी आणा. इंजिन माझं, पैसे माझे, तर जळालेलं गॅस्केटही माझंच. ते द्यायला का-कू करणाऱ्याला काम देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दादा परत त्या गॅरेजमध्ये गेला तेव्हा मिस्त्री आधी म्हणाला, पोरानं चुकून वायर सोडली असेल. बोल्टांचे फोटो दाखवल्यावर आवाज बदलला. थोडे पैसे परत देतो, कुणाला सांगू नका, म्हणाला. दादानं घेतले नाहीत. आप्पांच्या जिवाशी झालेला खेळ असा हजार-दोन हजारांत मिटवायचा?

आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देतोय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दुरुस्तीची सेवाही त्यात येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वहीच्या पानावरची पावती असली तरी फाडून टाकू नका. पैसे शक्यतो ऑनलाइन द्या, निदान दिल्याची नोंद तरी राहते.

आता राहिली ती टेपमध्ये गुंडाळून ठेवलेली वायर. आमच्या सेटचा स्विच तापल्यावर वायर इंजिनाच्या बॉडीला जोडतो आणि त्यावरून कंट्रोलर सेट बंद करतो. त्यामुळे वायर नुसती काढली की सेट कितीही तापला तरी कंट्रोलरला कळतच नाही. मामांनी शिकवलेली तपासणी दादा आता प्रत्येक प्रवासाआधी करतो: सेट चालू ठेवायचा, स्विचवरची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं. सेट लगेच बंद पडला पाहिजे. काही सेटमध्ये हा स्विच उलट्या पद्धतीचा असतो, म्हणून तुमच्या सेटचं माहितीपुस्तक आधी बघा. फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवा, आणि गॅरेजमधून सेट परत आला की पैसे देण्याआधी ही तपासणी तिथेच, मिस्त्रीच्या समोर करा.