कोह सामुईला स्कूटर घेताना पासपोर्ट ठेवू नका, आमचे १४,४४० बाथ गेले

थायलंडच्या बेटांवर भाड्याच्या स्कूटरचे जुने ओरखडे दाखवून पैसे उकळतात, हे आम्हालाही माहीत होतं. म्हणून तर निघण्याआधी आरटीओत १,००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना हे तपासलं, दुकानात गाडीचा व्हिडिओ काढला. तरीही १४,००० बाथ गेले, वर दोनदा पैसे काढले म्हणून एटीएमचे २२० प्रमाणे ४४०. बँकेच्या हिशेबात ३६,३८९ रुपये. आणि स्कूटरचं दिवसाचं भाडं किती, तर २५० बाथ!

दुकान चवेंगच्या मुख्य रस्त्यावरचं. डिपॉझिट म्हणून मी ५,००० बाथ रोख टेबलावर ठेवले. त्याने ते हाताने परत सरकवले. "नो कॅश. पासपोर्ट." तो क्षण रोज डोळ्यांसमोर येतो. रोख पैसे समोर असताना दुकानदार ते नको म्हणतो, तेव्हाच कळायला हवं होतं. रोख घेतली असती तर फार तर ते पाच हजार त्याने बुडवले असते. पासपोर्ट त्याच्या खणात गेला की आकडा तोच ठरवणार. इतकी साधी गोष्ट आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं तिथे उभी होतो.

दिलाच कशाला, असं म्हणणाऱ्यांना सांगते. शेजारच्या दोन्ही दुकानांत हेच मागत होते. हे दुकान आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनेच सुचवलं होतं. आणि मी कॉलेजपासून पुण्यात स्कूटर चालवते, त्यामुळे गाडी पाडून ठेवू अशी भीती मनात नव्हतीच. गाडी आमच्याकडून पडली नाही, घासली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आणखी एक. गाडी नुकतीच धुतलेली होती, पाणी ठिबकत होतं. ओल्या प्लास्टिकवर बारीक चरे दिसत नाहीत, व्हिडिओत तर नाहीच. कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि मगच शूटिंग करा, खाली वाकून, पाय ठेवायच्या फळीच्या खालूनसुद्धा.

बेटाभोवती फिरणारा ४१६९ क्रमांकाचा रस्ता साधारण पन्नास किलोमीटरचा, एका दिवसात आरामात होतो. लमाईचे हिन ता-हिन याई खडक, खुनाराम मंदिरात १९७३ साली ध्यानात बसलेले असताना गेलेल्या भिक्खूंचा काचेआड ठेवलेला देह, ना मुआंगचा धबधबा, शेवटी नाथोनचा धक्का. दिवस खरंच सुंदर गेला होता. आता त्यातलं काहीच आनंदाने आठवत नाही, याचाही मला संताप येतो.

संध्याकाळी आम्ही उतरायच्या आत तो माणूस टॉर्च घेऊन खाली वाकला आणि उजेड थेट फळीच्या खाली पाडला. शोधाशोध नाही, काही नाही. पुढचं पॅनेल ६,५००, फळीची बाजू ७,०००, सायलेन्सरचं कव्हर ३,५००, दुरुस्तीच्या दिवसांचं भाडं २,५००. एकूण १९,५०० बाथ. सकाळी "फुल इन्शुरन्स" म्हणाला होता. कुणी असं म्हणालं तर कागद मागा. तिथला कायद्याने सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेसाठी असतो, गाडीच्या नुकसानीसाठी नाही.

लमाईला सकाळी काढलेल्या एका फोटोत पुढच्या पॅनेलचा चरा स्पष्ट दिसतो. गाडी घेऊन जेमतेम तास झाला होता. तो म्हणाला, त्या तासात पाडली असेल.

चौकीत गेलो. तिथल्या माणसाने आधी माझा परवाना उलटसुलट पाहिला, त्यात काही सापडेना तेव्हा हेल्मेट घातलं होतं का विचारलं. फोटो दाखवला तर म्हणे, हा दुकानातला नाही. पासपोर्ट अडवलाय म्हटलं तर म्हणे, तुम्हीच दिलात, तडजोड करा. भारतीय पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, हे मी दोनदा सांगितलं. त्याने फोन उचलून त्या दुकानदाराशीच गप्पा सुरू केल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य भूमीवरच्या डोनसाकची फेरीबोट, पुढे विमान. हे दुकानदाराला ठाऊक होतं, कारण सकाळी गोड बोलत त्यानेच विचारून घेतलं होतं. परतीचा दिवस कुणालाही सांगू नका.

१४,००० वर तुटलं. टेबलावर कार्डाचं मशीन होतं, ते "बंद". आता बँक म्हणते, रोख तुम्ही स्वतः काढलीत, तक्रार घेता येणार नाही. कार्डाने भरले असते तर निदान वाद घालता आला असता. प्रवास विम्याची कंपनी म्हणते, भाड्याच्या वाहनाचं नुकसान पॉलिसीत बसत नाही. अहो, नुकसान झालंच नाही, फसवणूक झाली आहे! त्यावर तेच छापील उत्तर पुन्हा. प्रत्येक जण कागद मागतो, कागद चौकीने द्यायचा आणि चौकीने तो दिलाच नाही.

पासपोर्ट आधीच देऊन बसला असाल तर पैसे द्यायच्या आधी, दुकानात उभे राहूनच ११५५ फिरवा, तो पर्यटक पोलिसांचा क्रमांक आहे. आम्हाला तो हॉटेलवर परतल्यावर कळला. आणि पासपोर्ट परत देताना ते थाई भाषेतल्या एका चिठ्ठीवर सही मागतात. माझ्याकडून घेतली. नंतर हॉटेलवाल्या मुलीने फोटोवरून वाचून सांगितलं: नुकसान मान्य, पैसे राजीखुशीने दिले.