घरचं पहिलं पेडल: फझ बनवायचा की ओव्हरड्राइव्ह?

गिटारचं पेडल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचा आवाज बदलणारा डबा, घरी बनवायचं तर पहिल्या पेडलसाठी बहुतेक जण दोन सर्किटांमध्ये अडकतात: १९६६ च्या फझ फेस या पेडलच्या धर्तीचा दोन ट्रान्झिस्टरचा फझ (जाड, खरखरीत आवाज), नाहीतर ४५५८ आयसीवरचा, ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या पद्धतीचा ओव्हरड्राइव्ह (जोरात लावलेल्या अँपसारखा आवाज). फझमध्ये अकरा भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (बटणाने फिरवायचे रेझिस्टर). ओव्हरड्राइव्हमध्ये तिसाच्या पुढे. म्हणून फझ सोपा वाटतो. सोल्डरिंगपुरता तो सोपा आहेच, पण सूर लागेपर्यंत घाम काढतो.

फझमध्ये सगळा खेळ बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला आधीच लावून ठेवलेल्या स्थिर व्होल्टेजचा. ९ व्होल्टवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एक) ४.५ च्या आसपास मिळायला हवेत. ते फार सरकले की स्वर फाटत येतो आणि लांबण्याऐवजी मध्येच गुदमरतो. तिथल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी २० किलोओहमचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावा आणि मीटर बघत फिरवा. शेवटचा पाव वळसा मात्र कानाने.

जर्मेनियमच्या, म्हणजे जुन्या धर्तीच्या, ट्रान्झिस्टरच्या मोहात पहिल्याच खेपेला पडू नका. त्यांच्यात गळती असते, त्यामुळे साधा मीटर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वाढवून दाखवतो, आणि खोली तापली की लावलेला बायस सरकतो. शिवाय त्यांच्यातल्या पीएनपी प्रकारात बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जातं. असं पेडल इतरांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीत जोडलं की थेट शॉर्ट. सिलिकॉन एनपीएन (पीएनपीच्या उलट, ऋण टोक ग्राउंडला), म्हणजे बीसी १०८ किंवा बीसी ५४७, यातलं काही करत नाही. फक्त कधीकधी रेडिओ पकडतो किंवा शिट्टी मारतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरड टाकला की बहुधा गप्प होतो. बीसी ५४७ चे पाय बीसी १०८ पेक्षा वेगळ्या क्रमाने असतात, हे मात्र बसवण्याआधी पाहून घ्या.

ओव्हरड्राइव्हचं दुखणं वेगळं. त्यात चूक जवळपास नेहमी हाताची असते, भागाची क्वचितच, आणि म्हणून ती सापडते. गिटार न लावता मीटरने आयसीचे पाय मोजा: ८ वर ९ व्होल्ट, ४ वर शून्य, बाकी सहांवर साधारण ४.५. एखादा पाय ० किंवा ९ ला चिकटला असेल, तर तिथेच तुटका सांधा, सोल्डरचा पूल किंवा चुकलेला भाग आहे. आयसी सॉकेटमध्येच बसवा. उलटा बसला तर ४ आणि ८ ची अदलाबदल होते, तो तापतो आणि जातो.

व्होल्टेज बरोबर, पण ड्राइव्ह पूर्ण फिरवूनही आवाज सपक? ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बघा. पिवळा-जांभळा-लाल हवा होता तिथे पिवळा-जांभळा-नारिंगी, म्हणजे ४७ किलोओहमचा, बसला तर कमाल गेन ११८ पटींवरून १३ च्या खाली येतो. त्याच्या शेजारच्या कपॅसिटरवर ४७३ (०.०४७ मायक्रोफॅरड) हवं. ४७४, म्हणजे दहापट, लागला तर ७२० हर्ट्झच्या खाली आपोआप कमी होणारा खर्ज तसाच आत घुसतो आणि सगळा चिखल.

दोन्हींना एक जुगाड उपयोगी: अँपच्या केबलच्या गरम, म्हणजे सिग्नलच्या, तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, शील्ड ग्राउंडला, इनपुटला फोनवरचं गाणं. कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून आउटपुटकडे टेकवत चला. आवाज जिथे गायब होतो, त्याच्या जरा आधी चूक असते.

मग काय घ्यायचं? बँडमध्ये वाजवता, आधी दुसरी पेडलं आहेत, तर ओव्हरड्राइव्ह, आणि तो तयार पीसीबीवर (छापील सर्किटचा बोर्ड). फझचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) फार कमी, त्यामुळे त्याच्या आधी दुसऱ्या पेडलमधला बफर (सिग्नलला बळ देणारा टप्पा) आला की आवाज टोचरा होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवून स्वच्छ करण्याची त्याची खुबीच जाते. थेट गिटार-फझ-अँप असं वाजवणार असाल आणि सर्किट समजून घ्यायचंय, तर सिलिकॉन फझ, स्ट्रिपबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा, भोकांचा बोर्ड; पट्ट्या हव्या तिथे कापायच्या). स्ट्रिपबोर्डवर पट्टी कापलेली दिसते, पण तांब्याचा केसभर धागा उरतो, भिंगाने बघा.

डब्याबाहेर वाजतं आणि झाकण लावलं की बंद, असं झालं तर बोर्डाची खालची बाजू पॉटच्या पाठीला टेकतेय. मध्ये पुठ्ठा किंवा इन्सुलेशन टेप.