नाट्यशिबिर चाललं का, हे कसं ठरवायचं? अभिप्राय फॉर्म, आधी-नंतरचे नमुने आणि मुलाखती यांची तुलना

नागपुरात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच शाळा व्यवस्थापन समितीपुढे प्रश्न येतो: वस्तीतल्या मुलांसाठी शाळेच्या पैशातून घेतलेलं नाट्यशिबिर किंवा परिसराच्या इतिहासाचा उपक्रम यंदा पुन्हा घ्यायचा का? उत्तर बहुतेकदा स्नेहसंमेलनातल्या प्रयोगावरून दिलं जातं. पण प्रयोगात पुढे असतात ती आधीपासूनच धीट असलेली चार-पाच मुलं. शिबिरामुळे कोणात काय बदललं, ते टाळ्यांवरून कळत नाही.

ते कळण्यासाठी शाळेला परवडणारे मार्ग तीन आहेत. खालचा सगळा हिशेब ३० मुलं, १२ आठवडे आणि आठवड्याला दोन सत्रं असा धरला आहे. सुट्ट्यांमुळे हे आठवडे जुलै ते डिसेंबर असे पसरतात, असंही धरलं आहे.

अभिप्राय फॉर्म

सगळ्यात स्वस्त. एक तासिका भरून घ्यायला आणि दोनेक तास वाचायला लागतात. अडचण अशी की फॉर्म शेवटच्या दिवशी भरला जातो, म्हणजे सोडून गेलेली मुलं त्यात नसतातच. समजा ३० पैकी १८ टिकली आणि अठराही जणांनी ‘खूप छान’ लिहिलं. समितीपुढे १०० टक्के समाधान असा कागद येतो, आणि ४० टक्के मुलं निघून गेली हे कोणी विचारत नाही. शिवाय फॉर्म शिकवणाऱ्या ताईंच्याच हातात द्यायचा असेल, तर कोणतं मूल वाईट लिहील?

फॉर्म घ्यायचाच असेल तर तो नाव न लिहिता पेटीत टाकू द्या. ‘आवडलं का?’ ऐवजी ‘कोणत्या दिवशी कंटाळा आला आणि त्या दिवशी काय चाललं होतं?’ असं विचारा. सोबत सत्रवार हजेरीपट ठेवा. नुसत्या फॉर्मपेक्षा तो जास्त बोलतो. पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि घटक चाचणीच्या आठवड्यात हजेरी घसरणारच, त्यात काळजीचं काही नाही. पण दिवाळीनंतर फक्त मुलींची हजेरी उतरली, तर आधी सत्र सुटण्याची वेळ बघा. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सहाला सुटणाऱ्या सत्रातून एकट्या मुलीला घरी पाठवायला पालक तयार नसतात, आणि दोष उगाच नाटकाच्या माथी येतो.

आधी-नंतरचे नमुने

मेहनतीचा मार्ग, पण ‘मुलं काही शिकली का’ याचं उत्तर यातूनच मिळतं. पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाला दोन मिनिटांचा उत्स्फूर्त प्रसंग द्या, उदाहरणार्थ बसथांब्यावर भेटलेली दोन अनोळखी माणसं, आणि मोबाइलवर चित्रित करा. शेवटच्या सत्रात तेवढाच अवघड, पण वेगळा प्रसंग द्या. अर्ध्या मुलांना आधी पहिला आणि नंतर दुसरा, उरलेल्यांना उलट क्रमाने. नाहीतर सोप्या प्रसंगामुळेच प्रगती झाल्यासारखी दिसते.

निकष चारच पुरेत: समोरच्याचं ऐकून उत्तर देणं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणं, अंगाचा वापर, प्रसंग पुढे नेणं. प्रत्येकाला १ ते ४ गुण. ६० चित्रफिती, एकीला चार मिनिटं, म्हणजे एका परीक्षकाचे चार तास. परीक्षक दोन हवेत, शिबिराशी संबंध नसलेले. पहिल्या पाच फिती दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात. गुणांत एकाहून जास्त फरक आला तर निकषाची भाषा मोघम आहे, ती सुधारून मग पुढे जावं.

कोणती फीत आधीची आणि कोणती नंतरची, हे परीक्षकांना कळता कामा नये. नेमकं इथेच बिनसतं. जुलैतली मुलं नुसत्या गणवेशात असतात, डिसेंबरातली स्वेटर घालून, आणि मागे संमेलनाचा फलक लागलेला. परीक्षक क्षणात ओळखतो आणि नकळत नंतरच्या फितीला जास्त गुण देतो. दोन्ही वेळा तीच कोरी भिंत, तोच गणवेश आणि फितींना नुसते क्रमांक, एवढं पाळा. पालकांची लेखी संमती आधीच घ्या. फिती शाळेच्या संगणकावरच राहाव्यात, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत.

पाच महिन्यांत मुलं तशीही मोठी होतात, थोडी धीटही होतात. ती वाढ वेगळी काढायची तर ६० मुलांची नावं घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्या करा आणि दुसरीला पहिलीचं शिबिर संपल्यावर शिबिर द्या. थांबलेल्या तुकडीचेही दोन्ही नमुने त्याच दिवशी घेतले की तुलना होते. एकही मूल वंचित राहत नाही, म्हणून पालकही मान्य करतात.

इतिहासाच्या उपक्रमात नमुना वेगळा. मूल मारबतीबद्दल, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीबद्दल, आजीला प्रश्न विचारतं, तेव्हा ‘मारबत कधीपासून निघते?’ एवढ्यावर थांबतं, की ‘तुमच्या लहानपणी कोणत्या गल्लीतून यायची?’ असं मिळालेल्या उत्तराला धरून पुढे जातं? असे पाठपुराव्याचे प्रश्न मोजा. दोन वडीलधाऱ्यांनी दोन वेगळी सालं सांगितली, तर मूल दोन्ही नोंदवतं की एक गाळून टाकतं, हेही बघा. १८६३ मध्ये सुरू झालेल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, एखादी वस्तू दाखवून दहा मिनिटं निरीक्षण लिहायला लावलं, तरी चांगला नमुना मिळतो. त्यात डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि पाटीवरून उतरवलेलं किती, हे वेगळं करा.

मुलाखती

आठ मुलं, प्रत्येकी पंधरा मिनिटं. त्यात किमान तीन सोडून गेलेली. विचारणारी व्यक्ती वर्गशिक्षक नसावी, आणि बोली घरची असावी. ‘आपण शिबिर का सोडले?’ म्हटलं की मूल खाली बघतं. ‘काहून सोडलं बाबू?’ म्हटलं की सांगतं. घरी हिंदी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांशी त्याच भाषेत बोला. ऐकलेलं लिहून काढायला बोलण्याच्या किमान चौपट वेळ धरा. प्रगती किती झाली हे मुलाखती सांगत नाहीत. कशामुळे झाली किंवा अडली, ते मात्र त्यांच्याइतकं कुठेच मिळत नाही.

निवड

पैसे चालू ठेवायचे की थांबवायचे, एवढा मोठा निर्णय असेल तर आधी-नंतरचे नमुने आणि दोन तुकड्या. उपक्रम राहणारच आहे, फक्त वेळ, जागा, पद्धत सुधारायची आहे, तर हजेरीपट आणि मुलाखती. मुलं पंधराहून कमी असतील तर सरासरीच्या नादी लागू नका. दोन मुलांनी आकडा हलतो, तिथे मुलाखतीच बऱ्या. एकट्या फॉर्मवर निर्णय कधीच नको.

सर्वांत कच्च्या मुलांनाच निवडून घेतलं असेल तर नमुन्यांचे गुण जपून वाचा. एका वाईट दिवसामुळे तळाशी गेलेली मुलं पुढच्या वेळी तशीही वर येतात.

शिबिर सुरू होऊन महिना झाला असेल तर ‘आधीचा’ नमुना आता घेऊन उपयोग नाही. या तुकडीसाठी हजेरी आणि मुलाखतींवर भागवा. पुढच्या करारात मात्र पहिलं आणि शेवटचं सत्र नमुन्यांसाठी राखल्याचं लिहून घ्या आणि एकूण खर्चातला साधारण दहावा हिस्सा तपासणीसाठी बाजूला काढा. प्रशिक्षकांना निकष पहिल्याच दिवशी दाखवा. प्रसंग मात्र दाखवू नका, नाहीतर बारा आठवडे बसथांब्याचीच तालीम चालेल.