व्हीएस कोडच्या टॅबवरचा ठिपका : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं काम मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्या तयार करण्याचं. एक पुस्तक म्हणजे पंधरा-वीस मार्कडाउन फाइली (साध्या खुणांनी मांडणी दाखवणारा मजकूर) आणि दिसणं ठरवणारी एखादी सीएसएस फाइल. मुद्रितशोधकाच्या खुणा बघत दुरुस्त्या करताना त्यातल्या सात-आठ तरी एका वेळी उघड्या असतात. पूर्वी हे सगळं नोटपॅड++ या मजकूर-संपादकावर चालायचं, दिवाळीनंतर व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकावर आलो. त्याच्या थीमबद्दल आणि एक्स्टेन्शनबद्दल भरपूर लिहून झालंय. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितोय : फाइलमधला बदल अजून सेव्ह झालेला नाही, हे तो कसं सांगतो. दिवसभर मजकुरात हात असणाऱ्याला याहून महत्त्वाची खूण नाही.

नोटपॅड++ मध्ये टॅबच्या डाव्या बाजूला फ्लॉपीचं चित्र असतं. सेव्ह झालेली फाइल निळी, न झालेली लाल. व्हीएस कोडमध्ये टॅबच्या उजव्या टोकाला, बंद करायची फुली असते त्याच जागी, भरीव ठिपका येतो. सुरुवातीला तो फार फिका वाटला. नजर लाल रंग शोधायची. पण जागा बरोबर निवडली आहे. टॅब बंद करायला हात जिथे जाणार, तिथेच इशारा. मॅकवरही खिडकीच्या लाल बटणात काळा ठिपका येतो, तो याच विचाराने. शिवाय व्हीएस कोडमध्ये खुणेचा आकारच बदलतो, त्यामुळे लाल-निळ्यावर विसंबून राहावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. माउस ठिपक्यावर नेला की त्याची पुन्हा फुली होते. म्हणजे क्लिक करायच्या नेमक्या क्षणी खूण गायब. लगेच 'सेव्ह करायचं का' अशी चौकट येते म्हणून निभावतं. ज्यांना ठिपका पुरत नाही त्यांनी सेटिंग्जमध्ये 'हायलाइट मॉडिफाइड टॅब्ज' शोधून चालू करावं. सेव्ह न झालेल्या टॅबवर वरच्या कडेला ठळक रेघ येते. मुळात ते बंद असतं. मी चालू केलं आणि तेव्हापासून बंद केलेलं नाही. डावीकडे फाइलींची यादी उघडणाऱ्या एक्सप्लोररच्या चिन्हावर अशा फाइलींचा आकडाही दिसतो. टॅबची रांग लांबून काही टॅब नजरेआड गेले, की या आकड्याचा खरा उपयोग होतो.

ठिपका नक्की काय मोजतो तेही पाहण्यासारखं आहे. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये एक काना टाका आणि बॅकस्पेसने पुसा. मजकूर अक्षरशः पहिल्यासारखा, तरी ठिपका तसाच. तोच काना कंट्रोल-झेडने मागे घ्या, ठिपका जातो. म्हणजे तो डिस्कवरच्या मजकुराशी अक्षर-अक्षर ताडून पाहत नाही, सेव्ह केल्याच्या टप्प्यावर तुम्ही परत आलात का एवढंच बघतो. मला हे मान्य आहे. खरं तर ठिपका उगाच दिसला तर काही बिघडत नाही, दिसायला हवा तेव्हा दिसला नाही तर बिघडतं.

नवीन माणसाचा गोंधळ होतो तो गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, वापरायला लागल्यावर. फाइलच्या नावापुढे 'एम' दिसतो आणि ओळींच्या कडेला रंगीत पट्ट्या येतात. 'एम' म्हणजे सेव्ह झालेली, पण कमिट न झालेली, म्हणजे गिटमध्ये अजून नोंद न केलेली फाइल. पट्ट्या मात्र सेव्ह करण्याआधीच, टाइप करता करता उमटतात. सेव्ह केल्यावरही त्या राहतात, त्यामुळे त्यांच्यावरून सेव्ह झालं की नाही ते कळत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे आधी दाखवतो.

आता मुद्द्याचं. आता सेव्ह न करता व्हीएस कोड बंद केला तरी काम बुडत नाही. 'हॉट एग्झिट' नावाची ही सोय मुळातच चालू असते. फोल्डर उघडून काम केलं असेल तर दुसऱ्या दिवशी सगळे टॅब ठिपक्यांसकट परत येतात. नोटपॅड++ मध्येही ही सोय आहे, विंडोज ११ च्या नोटपॅडमध्येही आली. सोय उत्तमच, पण त्यामुळे ठिपक्याचा धाक गेला. लोक तो बघून सोडून देतात. पूर्वी त्याचा अर्थ 'हे जाईल' असा होता. आज त्याचा अर्थ 'पडद्यावर एक आहे आणि डिस्कवर दुसरं' असा आहे, आणि माझ्या कामात तेच जास्त महागात पडणारं आहे. व्हीएस कोडचा मार्कडाउन प्रीव्ह्यू सेव्ह न केलेला मजकूरही दाखवतो, म्हणून तिथे दुरुस्ती झालेली दिसते. त्याच क्षणी टर्मिनलमधून (आदेश टाइप करायच्या पट्टीतून) पँडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनवलं तर ते डिस्कवरून वाचणार, म्हणजे जुनी चूक पुस्तकात तशीच. दोन्ही एकाच खिडकीत, एकमेकांशेजारी.

ऑटो सेव्ह हा उपाय बरेच जण सुचवतात. एका सेकंदाच्या मूळ अवधीवर ते चालू केलं की ठिपका दिसतच नाही. कोड लिहिणाऱ्याला चालेल. लेखकाच्या मजकुरात मात्र एखादं वाक्य बदलून, वाचून, परत पूर्ववत करायचं असतं. ते मधलं रूप डिस्कवर जाऊ नये. म्हणून मी 'ऑन विंडो चेंज' ठेवलंय. दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेलं की सेव्ह होतं. पण टर्मिनल व्हीएस कोडच्या आतलंच असल्याने तिकडे जाताना खिडकी बदलत नाही, म्हणून पँडॉक चालवण्याआधी कंट्रोल-के आणि मग एस दाबून सगळ्या फाइली सेव्ह करतो.

व्हीएस कोडच्या आतून गिट कमिट करताना तो सेव्ह न झालेल्या फाइलींबद्दल आपणहून विचारतो. टर्मिनलच्या पट्टीवरही, आदेश टाइप करतो तिथेच, असा एक ठिपका यावा एवढीच मागणी आहे. ती पुरी होईपर्यंतही मी नोटपॅड++ कडे परत जाणार नाही.