खोलीनिहाय सर्किट की लोडनिहाय? दुमजली घराचं वायरिंग ठरवताना

हा निर्णय स्लॅबमध्ये पाइप पडण्याआधी घ्यायचा असतो. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

खोलीनिहाय पद्धतीत एका खोलीचे दिवे, पंखे, प्लग सगळे एकाच एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर) येतात. वायर कमी लागते, डीबी (एमसीबी बसवायची पेटी) लहान होते. लोडनिहाय पद्धतीत, म्हणजे कशाला किती करंट लागतो त्यानुसार सर्किट पाडताना, दिवे-पंख्यांना दीडची (१.५ चौरस मिमी) वायर आणि १० अँपियरचा एमसीबी (एका सर्किटवर १० पॉइंटपेक्षा जास्त नकोत), १६ अँपियरच्या सॉकेटना अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी, गिझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर.

फरक स्वयंपाकघरात कळतो. शेजारच्या बाथरूमचा गिझर त्याच लाइनवर असेल तर २००० वॅटचा गिझर आणि २००० वॅटची इंडक्शन मिळून १७.४ अँपियर होतात. १६ चा एमसीबी एवढ्यावर पडत (आपोआप बंद होत) नाही, रेटिंगच्या १.४५ पट करंट गेला तरच तो तासाभरात पडण्याची खात्री असते. तोवर सॉकेटचे स्क्रू आणि वायरचे जोड तापत राहतात. पुढे मिक्सर लावल्यावर तो कधीमधी पडू लागला, की वायरमन २५ चा बसवून देतो. अडीचच्या वायरवर हे करू नये.

इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर प्रश्नच मिटतो, लोडनिहायच हवं. खोलीनिहाय लाइनवर इन्व्हर्टर जोडला की प्लगही त्यावर येतात, आणि कुणीतरी इस्त्री लावतंच. आमची पसंती लोडनिहाय, पण मजले वेगळे ठेवून.

मजल्यागणिक ३० मिलिअँपियरचा वेगळा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घ्या. सांगलीत नदीकाठच्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर याचं कारण वेगळं सांगायला नको: खालच्या भिंती सुकेपर्यंत तो मजला बंद ठेवून वर दिवे चालवता येतात. नुसते खालचे एमसीबी बंद करून हे भागत नाही: सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतो, आरसीसीबी न्यूट्रलही (परतीची तार) तोडतो. डीबी मात्र जिन्याच्या वरच्या टप्प्यावर हवी. महाबळेश्वर, मेढ्याकडे पावसाळ्यात ओलीमुळे प्रत्येक सर्किटमधून थोडी गळती होते. सगळं घर एकाच आरसीसीबीवर असेल तर ती बेरीज होऊन तो विनाकारण पडतो.

माण-खटावकडे आरसीसीबी टाळून चालणारच नाही. उन्हाळ्यात जमीन सुकून अर्थिंगचा रोध १० ओहम झाला, तर गिझरच्या बॉडीवर फेज आल्यावर जेमतेम २३ अँपियर वाहतात. गिझरच्या २० च्या एमसीबीला लगेच पडायला ते पुरत नाहीत, आणि बॉडीत करंट राहतो.

डीबीचा हिशोब: आयसोलेटर (मेन स्विच) २ मॉड्यूल (पेटीतल्या जागा), दोन आरसीसीबींचे ४, आठ एमसीबींचे ८, एकूण १४. १६ वेची (१६ जागांची) पेटी घ्या. दोन आरसीसीबींना दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या (न्यूट्रल तारा एकत्र जोडायच्या) लागतात. वरच्या मजल्याचा एक जरी न्यूट्रल खालच्या पट्टीत गेला, तर त्या सर्किटवर लोड येताच आरसीसीबी पडतात आणि दोष मात्र सापडत नाही. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रलही त्या-त्या सर्किटच्या पट्टीवर आहे ना, हे प्लास्टरआधी मीटरने तपासून घ्या.