कासची एक दिवसाची सहल: वाटाड्या उत्तम, वेळापत्रक घाईचे

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्यातील एका आयोजकांकडून मी कास पठाराची एक दिवसाची सहल घेतली. पोवई नाक्यावरून गाडी ठरल्या वेळी निघाली, धुक्यातही चालकाने यवतेश्वराचा घाट सावकाश चढवला आणि प्रवेशाची नोंदणी आधीच झालेली असल्याने रांगेत ताटकळावे लागले नाही. या सहलीचे पैसे वसूल होतात ते मात्र सोबत दिलेल्या स्थानिक वाटाड्यामुळे.

तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापुढे सर्वांची छायाचित्रे काढून झाल्यावर, परिसरातल्याच गावातल्या या गृहस्थांनी आम्हाला वाट न सोडता तिच्या कडेलाच, हातभर ओल्या कातळासमोर उकिडवे बसवले आणि हातात भिंग दिले. समोर बोटभर उंचीची दवबिंदू नावाची वनस्पती होती. तिच्या पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब होता आणि अशाच एका थेंबात अडकलेले चिलट अजून एक पाय हलवत होते. जांभा खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि धो धो पावसात त्यातले नत्र वाहून जाते, म्हणून ही झाडे आपली गरज किड्यांवर भागवतात, हे त्यांनी इतक्या साध्या शब्दांत सांगितले की आमच्यातली आठ वर्षांची मुलगीही लगेच पुढचा प्रश्न विचारू लागली. युरोपातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलींतही दवबिंदूची भावंडे याच कारणाने वाढतात, ही भर मात्र माझी. पलीकडे सीतेची आसवे होती. निळसर जांभळ्या, नाजूक फुलांच्या या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीवांना पाण्यासकट आत ओढून घेतात. गेंद या फुलझाडाच्या पांढऱ्या बोंडांमध्ये उमटलेला बुटाचा एक ठसाही त्यांनी दाखवला आणि ते काही क्षण गप्प राहिले. जागतिक वारसा म्हणून 2012 मध्ये मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी हे पठार एक आहे, आणि फोटोसाठी वाट सोडून आत शिरणाऱ्यांना ते कोणी तरी रोज सांगायला हवे.

तक्रार वेळेची आहे. पठारावर तीन तास मिळतील असे पत्रकात छापले होते. प्रत्यक्षात सहलीतला पुढचा टप्पा असलेल्या बामणोली गावची नौका गाठण्यासाठी दीड तासातच आम्हाला उठवण्यात आले. कुमुदिनीच्या तळ्याकडे जाणे राहून गेले. जिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, त्या वायतुरा या पाणवनस्पतीचे डबके तर चालता चालताच पाहावे लागले. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर आणून अर्धेच पठार दाखवणे योग्य नाही. जेवण साधे, पिठले-भाकरीचे आणि गरम होते.

नोंदणी करताना बामणोली वगळून पूर्ण वेळ पठारासाठी मागून घ्यावा. मी चौकशी केल्यावर तसे करता येते असे आयोजकांनी सांगितले, पण पत्रकात त्याचा उल्लेख नाही. शक्यतो सुट्टीचा वार टाळावा, रेनकोट घ्यावा आणि भिंग स्वतःचे न्यावे, कारण बारा जणांत ते एकच होते.