जन्मवेळेपासून सुरुवात करणारे ज्योतिषी: पाऊण तासाच्या सल्ल्याचा अनुभव

जुलैच्या आरंभी आमच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली आणि अर्जासाठी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. मी चौपन्नाव्या वर्षात आहे, मुलीचे शिक्षण अजून दोन वर्षे चालायचे आहे आणि घरकर्जाचे हप्तेही तेवढेच उरले आहेत. हिशेब मांडून झाले, मेहुण्यांचा सल्ला घेऊन झाला, तरी निर्णय होईना. तेव्हा पुण्यातल्या एका पेठेत अनेक वर्षे पत्रिका पाहणाऱ्या, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका ज्योतिषांकडे मी गेलो. त्यांना न विचारता त्यांचे नाव छापणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांच्याकडे येणारी मंडळी त्यांना सर म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो.

त्याआधी एक चूक मी केली होती, ती सांगितली पाहिजे. मिनिटागणिक पैसे आकारणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपवरून मी एका ज्योतिषाशी बोललो होतो. पहिली सहा मिनिटे नाव, गाव, गोत्र आणि घरातील माणसांची विचारपूस यांत गेली, आणि पडद्यावर शिल्लक रक्कम घटत असताना मला सांगण्यात आले की माझी साडेसाती चालू असून नीलम धारण केल्याखेरीज नोकरीत स्थैर्य येणार नाही. खडाही त्यांच्याकडेच मिळणार होता. फोन ठेवल्यावर मी घरातले पंचांग उघडले. शनी जन्मराशीच्या मागच्या राशीत, जन्मराशीत आणि पुढच्या राशीत असतो, त्या साधारण साडेसात वर्षांच्या काळाला साडेसाती म्हणतात. माझी रास कन्या आणि शनी सध्या मीनेत, म्हणजे अगदी समोर, सातवा. साडेसातीचा येथे काही संबंधच नव्हता. ज्याला आपली रास ठाऊक आहे आणि पंचांगाचे पान उलटता येते, त्याला ही एक गोष्ट कोणाच्याही मदतीशिवाय पडताळता येते, आणि पैसे मोजण्यापूर्वी ती पडताळावी असे माझे मत आहे.

सरांकडे वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा त्यांनी प्रथम माझा प्रश्न विचारलाच नाही. जन्मवेळ कोणी सांगितली, कोणत्या घड्याळावरून सांगितली आणि ती कोठे लिहिलेली आहे का, एवढेच त्यांना हवे होते. आमच्या गावच्या गुरुजींनी केलेल्या पत्रिकेत पहाटे साडेपाच अशी वेळ आहे आणि ती आईच्या सांगण्यावरून घेतलेली आहे, असे मी म्हणालो. "आईला कळा कधी सुरू झाल्या ते पक्के आठवते, मूल कधी झाले ते इतरांना आठवते," असे म्हणून त्यांनी मला घरात शोधाशोध करायला सांगितले. जन्मदाखल्यावर वेळ नसते, तारीख असते. अखेर वडिलांच्या त्या वर्षीच्या खिसाडायरीत, दुधाच्या आणि किराण्याच्या हिशेबाखाली, त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ सापडली: "स. 6.20 मुलगा. दोघे ठीक." त्रेपन्न वर्षे मी जी पत्रिका माझी समजत होतो, ती पन्नास मिनिटे आधीची होती.

पन्नास मिनिटांनी काय बिघडते, असे मला वाटले होते. पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, म्हणजे लग्न, दिवसभरात बारा राशींतून फिरते. एक लग्न साधारण दोन तास टिकते. माझा जन्म फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला, सूर्योदयापूर्वीचा. साडेपाचला धनु लग्न उदित होते, सहा वीसला मकर लागलेले होते. त्यामुळे बाराही स्थाने एका घराने सरकली. धनस्थानात दाखवलेला रवी उचलून थेट लग्नी आला, आणि नोकरीच्या दशम स्थानाचा स्वामी बुध होता तो शुक्र झाला. रास बदलली नाही, कारण रास चंद्रावरून ठरते आणि एवढ्या वेळात चंद्र जेमतेम अर्धा अंश पुढे सरकतो. तथापि विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याचे एकेका ग्रहाकडे दिलेले कालखंड, चंद्राच्या नक्षत्रातील नेमक्या अंशावरून मोजतात. माझे नक्षत्र हस्त, त्याची दशा चंद्राची दहा वर्षांची, म्हणून पुढच्या सर्व दशांच्या तारखा सुमारे चार महिने अलीकडे आल्या. माझ्या प्रश्नात नेमके हेच निर्णायक ठरले. जुन्या पत्रिकेप्रमाणे शनीच्या महादशेतील, म्हणजे मोठ्या कालखंडातील, केतूची अंतर्दशा, म्हणजे पोटकालखंड, ऑक्टोबरपर्यंत चालणार होती. नव्या पत्रिकेप्रमाणे ती जूनमध्येच संपून शुक्राची सुरू झाली होती. अर्जाची मुदत या दोन तारखांच्या बरोबर मधे पडत होती!

तरीही डायरीवर सरांनी आंधळा विश्वास ठेवला नाही. भेटीच्या दिवशी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही कुंडल्या शेजारी शेजारी मांडल्या आणि मला माझ्या आयुष्यातील पाच घटना महिना-वर्षासह लिहून द्यायला सांगितल्या: विवाह, मुलीचा जन्म, पहिली कायम नोकरी, एक अपघात आणि घराची खरेदी. त्या त्या तारखेच्या दशा त्यांनी दोन्ही कागदांवर लावून पाहिल्या. चार घटना मकर लग्नाला अधिक जुळतात, घरखरेदी मात्र दोहोंपैकी कशालाच नीट जुळत नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले आणि कागदाच्या कोपऱ्यात त्या घटनेपुढे प्रश्नचिन्ह काढले. या पंधरा मिनिटांत भविष्याचा एक शब्दही नव्हता. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. मला तो साऱ्या भेटीतील सर्वांत मोलाचा भाग वाटला, कारण पुढे जे सांगितले जाणार होते ते कशाच्या आधारावर आणि आधार कुठे कच्चा आहे, हे दोन्ही माझ्यासमोर होते. जाताना अशा घटनांची तारीखवार यादी तयार ठेवली तर ही पंधरा मिनिटे दहावर येतात. मला दोन तारखांसाठी बायकोला फोन करावा लागला.

प्रश्नांची माझी यादी अकरांची होती. सरांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "यातले आठ प्रश्न तुमच्या कंपनीच्या हिशेब खात्याला विचारायचे आहेत." ग्रॅच्युइटी किती मिळेल, भविष्यनिर्वाह निधीचे काय, विमा चालू राहील का, असे ते प्रश्न होते, आणि सरांचे म्हणणे खरेच होते. उरलेल्या तिघांपैकी "मला यश मिळेल का" हा त्यांनी खोडला, कारण यश म्हणजे काय ते मी लिहिले नव्हते. शेवटी दोन प्रश्न राहिले: या योजनेत नोकरी सुटण्याचा योग दिसतो का, आणि दिसत असल्यास त्यानंतर दुसरे उत्पन्न कोणत्या काळात दिसते. एखाद्या ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी प्रश्न लिहून काढावेत, असे सगळेच सांगतात. ते लिहिल्यावर त्यांतले कोणते ज्योतिषाचे नाहीत हेही आदल्या रात्री वेगळे काढावे, एवढी भर मी घालीन.

उत्तर ऐकताना थोडे लक्ष द्यावे लागते, कारण सर पारंपरिक पाराशरी आणि अलीकडची कृष्णमूर्ती अशा फलज्योतिषाच्या दोन्ही पद्धती वापरतात. कृष्णमूर्ती पद्धतीत नोकरी चालू राहणे सहाव्या आणि दहाव्या स्थानावरून पाहतात. या दोहोंची व्ययस्थाने, म्हणजे त्यांच्या लगतची मागची घरे, म्हणून पाचवे आणि नववे स्थान नोकरी सुटण्याकडे निर्देश करतात. मकर लग्नाला शुक्र दशमाचाही स्वामी आहे आणि पंचमाचाही. थोडक्यात, जो ग्रह नोकरी देतो तोच ती सोडवतोही. येथे एखाद्याने बेधडक एक बाजू घेतली असती आणि मी ती ऐकून घरी गेलो असतो. सरांनी कागद माझ्याकडे वळवला, शुक्रावर पेन्सिल टेकवली आणि सांगितले की हा ग्रह दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणून "नोकरी सोडा" किंवा "सोडू नका" असे मी यावरून म्हणणार नाही. शुक्राच्या सुमारे तीन वर्षे दोन महिन्यांच्या अंतर्दशेत कामाचे स्वरूप बदलेल, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षात उत्पन्न अधिक स्थिर दिसते, एवढेच माझे भाकीत आहे. मग त्यांनी ते तीन ओळींत एका कार्बनच्या वहीत उतरवले, तारीख घातली, वरचा कागद फाडून मला दिला आणि नक्कल स्वतःकडे ठेवली. मुदत उलटल्यावर काय झाले ते फोन करून कळवायचे, ही त्यांची अट आहे. भाकीत जातकाच्या, म्हणजे पत्रिका दाखवणाऱ्याच्या, स्मरणावर सोडले की चुकलेले विसरले जाते आणि बरोबर आलेले गावभर होते. त्या वहीमुळे ती सोय ना सरांना राहते, ना मला.

डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात केलेल्या चाचणीचा विषय मी मुद्दाम काढला. त्या चाचणीत 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून प्रत्येक ज्योतिषाकडे 40 पत्रिका पाठवल्या होत्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांच्या यशाचे प्रमाण 46 टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते त्याहून बरे नव्हते. सर चिडले नाहीत. पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते असा आपला दावा नाही, असे ते म्हणाले. हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही, कारण असा दावा करणारे त्यांचे समव्यवसायी पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविरुद्ध त्यांनी कधी काही लिहिल्याचे त्यांनी सांगितले नाही. माझ्या पैशांच्या मोबदल्यात मला काय मिळाले ते ठरवताना ही चाचणी मी विसरलेलो नाही, आणि वाचकांनीही विसरू नये.

वडिलांची पत्रिका मी सोबत नेली होती. त्यांचा जन्म 1944 चा, साताऱ्याचा. सरांनी वर्ष पाहताच विचारले, "घड्याळातला एक तास वजा केला होता का?" महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 च्या मध्यापर्यंत, देशभरातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती, त्या काळातील जन्मवेळ जशीच्या तशी घेतली तर लग्न चुकण्याचा संभव मोठा. जुन्या मुंबईकरांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो, कारण तेथे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ पन्नासच्या दशकापर्यंत वापरात होती. अ‍ॅपमध्ये तारीख आणि वेळ टाकली की कुंडली समोर येते, पण ती वेळ कोणत्या घड्याळातली ते अ‍ॅप प्रत्येक वेळी विचारीलच असे नाही. घरातल्या ज्येष्ठांची पत्रिका दाखवायला नेणाऱ्यांनी हे आवर्जून विचारावे. वडिलांच्या प्रकृतीविषयी मात्र सरांनी काही सांगितले नाही. आयुष्यमर्यादा आपण पाहत नाही, असे एका वाक्यात सांगून त्यांनी कागद घडी करून परत दिला.

संगणकाने काढलेल्या पत्रिकेची प्रतही मला मिळाली. तिची 42 पाने आहेत, अक्षर मुंगीएवढे आहे आणि पहिली चार पाने सोडली तर उरलेला मजकूर कोणाच्याही पत्रिकेला चिकटवता येईल असा ठोकळेबाज आहे. पहिल्या चार पानांत ग्रहांचे अंश, दशांच्या तारखा आणि वापरलेला अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून धरला ते सांगणारा अंशांतील फरक, असतो. तेवढी पाने जपून ठेवावीत. दोन ठिकाणी काढलेल्या पत्रिकांत दशेच्या तारखा जुळत नसतील तर गणित चुकले असे समजण्यापूर्वी अयनांश पाहावा. चित्रापक्ष, अर्थात लाहिरी, अयनांश सध्या 24 अंशांहून थोडा अधिक आहे आणि कृष्णमूर्ती अयनांश त्याहून काही कला (अंशाचा साठावा भाग) कमी. तेवढ्याने माझ्या दशेची तारीख जवळजवळ महिनाभर हलते.

तक्रारी दोन. दिलेली वेळ सकाळी दहाची होती आणि मला आत बोलावले ते दहा चाळीसला, आणि बाहेरच्या खोलीत पाच माणसांसाठी तीन खुर्च्या आहेत. शिवाय बोलणे रंगात आले असता सरांनी दोनदा फोन घेतला. दुसऱ्यांदा तर पलीकडच्या बाईंची रास, नक्षत्र आणि सासूशी असलेले भांडण हे सर्व मला ऐकावे लागले, तेव्हा माझ्या स्वेच्छानिवृत्तीची हकिकत पुढच्या जातकाच्या कानी पडणार नाही याची खात्री मला कशी असावी? हे मी त्यांना बोलून दाखवले. त्यांनी मान्य केले आणि फोन उलटा करून ठेवला.

दक्षिणा 1,100 रुपये, पाऊण तासासाठी, रोख किंवा यूपीआयने. बोलणे ध्वनिमुद्रित करू देतात, आणि ते करावेच, कारण घरी येईपर्यंत अर्धे सुटलेले असते. खडे, यंत्रे, पूजा यांतले काही ते विकत नाहीत. उपाय विचारला तेव्हा "शनिवारी मारुतीच्या दर्शनाला जात असाल तर जात राहा, जात नसाल तर माझ्यासाठी सुरू करू नका" एवढेच म्हणाले. नावे नोंदवणे फोनवर, सकाळी नऊ ते अकरा. मला तेरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. ज्यांच्यासमोर माझ्यासारखी मुदत आहे त्यांनी हे धरूनच फोन करावा. बुधवारी बंद. घर दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन नाही, जिना लाकडी आणि उभा आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पत्रिका आणि प्रश्न घेऊन घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवले तरी सर पाहतात.

हिशेब खात्याकडे आठ प्रश्नांचे पत्र मी दुसऱ्याच दिवशी दिले. त्यांचे उत्तर 28 जुलैला आले, आकडे माझ्या अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले आणि मी अर्ज भरला नाही. सरांच्या तीन ओळींची मुदत अजून शिल्लक आहे. तो कार्बनचा कागद वडिलांच्या डायरीत, त्याच पानावर, ठेवलेला आहे.